टॅपेस्ट्रीवरचं, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या कापडावरचं, चित्र विणल्यावर रंगवतात, की विणतानाच येतं?

विणतानाच येतं, रंगवलेलं काहीच नसतं. मी फोंड्याला घरी लाकडी चौकटीवर टॅपेस्ट्री विणते, त्यावरून सांगते. सुती ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट ताणून बांधायचा आणि पूर्ण मापाचं रेखाचित्र त्याच्यामागे लावायचं. मग प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, फक्त आपापल्या भागात मागे-पुढे फिरतो, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. बाणा सैल, कमानीसारखा टाकून फणीने ठोकायचा, म्हणजे ताणा पूर्ण झाकला जातो. ओढून टाकला तर कडा आत येतात आणि चित्र आक्रसतं. दोन रंगांची सीमा सरळ उभी असेल तिथे फट राहते. ती नंतर शिवतात किंवा विणतानाच दोन्ही धागे एकमेकांत अडकवतात. माझ्या मते अडकवणंच बरं, भिंतीवर टांगल्यावर फट ओढली जात नाही. तिरक्या रेषेला ही अडचणच नसते, म्हणून चित्र काढतानाच विणकराच्या डोळ्यांनी काढावं. मात्र गोव्याच्या कुणबी साडीच्या चौकड्यांना हे लागू नाही: तिथे बाणा पूर्ण रुंदीभर धावतो. आणि लोकर वापरणार असाल तर पावसाळ्यात दमट भिंतीवर लावू नका, बुरशी धरते.