उन्हाळ्याची संध्याकाळ आणि जुना बाजार : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आली. ऊन उतरल्यावर घराबाहेर पडायचं, हिंडायचं, खायचं आणि येताना एखादी जुनी, टिकाऊ वस्तू घेऊन यायची. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

सुट्टीत नागपूरहून भाचेकंपनी येते आहे. संध्याकाळी पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार दाखवायचा आणि मग रात्री उशिरापर्यंत पेठांमधून हिंडायचं असा बेत आहे. कसं आखावं?
— एक वाचक, वारजे

आधी वार पाहा. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दुसरं म्हणजे तो रात्रीचा बाजार नाही. दिवस मावळायला लागला की पथाऱ्या आवरायला सुरुवात होते. मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेचारला पोहोचलात तर दोन तास नीट मिळतात. खरी खरेदी करायची असेल तर मात्र सकाळीच जा. चांगला माल लवकर उचलला जातो आणि सकाळच्या तिरप्या उजेडात भांड्यावरचा पोचा, लाकडातली चीर, घड्याळाच्या डायलवरचा नवा रंग लपत नाही. संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली पितळ आणि पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड सारखंच चमकतं.

नागपूरकरांना पुण्याचं ऊन सौम्यच वाटेल, पण पथाऱ्यांवर छप्पर नसतं हे सांगून ठेवा. माणशी लिटरभर पाणी, सुट्टे पैसे, कापडी पिशवी, वस्तू गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक छोटं लोहचुंबक एवढं बरोबर असू द्या. मेच्या दुपारनंतर वळीव कधीही येतो. आभाळ भरलेलं दिसलं तर पुस्तकं आणि रेकॉर्ड आधी पाहून घ्या, कारण पाऊस आला की सगळ्यात आधी त्यांच्यावर प्लास्टिक पडतं.

गाडी नेऊ नका. मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकावर उतरा. बाजार पाहून झाला की सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलून मंडईला जाता येतं. मंडई, तुळशीबाग, मग मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध), मग सारसबागेजवळची चौपाटी, हा क्रम पायी होतो आणि मुलंही दमत नाहीत. तुळशीबागेतली दुकानं नऊच्या सुमारास मिटू लागतात, म्हणून खाणं नंतर ठेवा. कॅम्प भागाचा फेरफटका त्याच दिवशी कोंबू नका, तो स्वतंत्र संध्याकाळ मागतो. खुल्या जागेत ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावे लागतात. उघड्यावरचा गाण्याचा कार्यक्रम गाठायचा असेल तर तो आधी आणि जेवण मागाहून. ज्यांना रात्र पुरतच नाही त्यांच्यासाठी नळस्टॉपचे पहाटेचे पोहे आणि चहा आहेतच.

बाजारात एचएमटीची चावीची घड्याळं ढिगाने दिसतात. अस्सल कशी ओळखायची? मला ‘जनता’ हवं आहे.
— एक वाचक, धनकवडी

एचएमटीची मनगटी घड्याळं बंगळुरूला सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनू लागली. ‘जनता’ हे त्यांतलं साधं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतल्या चाकांच्या टोकांना आधार देणारे खडे), हाताने चावी द्यायचं घड्याळ. आज बाजारात जे दिसतं त्यात बरंचसं ‘जुळवलेलं’ असतं. मशीन एकाचं, केस (बाहेरचं कवच) दुसऱ्याची, डायल नव्याने रंगवलेलं. अशी घड्याळं चालतात, वापरायलाही हरकत नाही. पण ती अस्सल म्हणून अस्सलच्या भावात घेऊ नयेत.

डायलपासून सुरुवात करा. मूळ डायलवरची अक्षरं धारदार असतात आणि मिनिटांच्या रेघा एकसारख्या जाडीच्या. रंगवलेल्या डायलवर अक्षर किंचित फुगलेलं असतं, सर्वांत खालची बारीक ओळ पुसट किंवा गायब असते, तारखेची खिडकी असल्यास तिच्या कडेला रंग साचलेला दिसतो. गर्द निळा, पोपटी, नारिंगी अशी भडक डायलं दिसली की सावध व्हा. वयाने थोडं पिवळसर झालेलं, एखादा ठिपका पडलेलं मूळ डायल आमच्या मते कोऱ्या दिसणाऱ्या रंगकामापेक्षा कधीही चांगलं.

मग सेकंदकाटा पाहा. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. काटा बारीक पावलांनी सरकत जातो. सेकंदाला एकच उडी मारत असेल तर आत सेलचं मशीन घातलेलं आहे. चावी हळू फिरवा. ती शेवटी गच्च लागली पाहिजे. नुसती फिरतच राहिली तर मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग) तुटलेली किंवा सुटलेली आहे. चावी बाहेर ओढून काटे फिरवून पाहा. काटे सैल घसरत असतील तर घड्याळ चालत असूनही वेळ चुकवेल. शेवटी मागचं झाकण उघडायला सांगा. विक्रेता उघडत नसेल तर पुढच्या पथारीकडे जा. आत गंज, हिरवट डाग किंवा खरवडलेले स्क्रू दिसले तर भाव निम्म्यावर आणायचा किंवा घ्यायचं नाही.

पथारीवर टिकटिक ऐकून काहीच सिद्ध होत नाही. आतलं तेल वाळलेलं असलं तरी गरम हातात घड्याळ पाच मिनिटं सुरेख चालतं आणि रात्री टेबलावर ठेवलं की मागे पडतं. घरी पूर्ण चावी द्या, २४ तास पालथं-उताणं ठेवून फरक लिहून काढा. दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाचा फरक असेल तर सर्व्हिसने सुधारतो. सर्व्हिस म्हणजे मशीन पूर्ण खोलून धुणं आणि नवं तेल घालणं. नुसतं वरून तेल सोडणाऱ्याकडे देऊ नका, त्या तेलात धूळ बसते. आणि उन्हाळ्यात एक पाळा: घाम चावीच्या दांड्यावरून आत शिरतो. या घड्याळांचं जुनं रबर कडक झालेलं असतं, तेव्हा व्यायामाला आणि टेकडी चढताना घड्याळ घरी.

आजोबांच्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणि काही एलपी एकत्र मिळाल्या. दोन एलपी वाकल्या आहेत. साफ कशा करू? घरात टर्नटेबल आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

दोन्ही वेगळ्या करा, कारण त्यांची द्रव्यंच वेगळी आहेत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, एलपी व्हिनाइलच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाचं पॉलिश त्यावरच चालतं. म्हणून लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा चष्मा पुसायचं द्रावण कधीही लावू नका. पहिल्याच पुसण्यात चमक आणि गाणं दोन्ही जातं.

अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत धुवा, खाचा ओलांडून आडवं घासू नका. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे, त्यावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा. साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवायची नाही. काहींच्या पोटात पुठ्ठ्यासारखा थर असतो, तो फुगला की वरचा लेप फुटतो.

वाजवताना सुया बदला. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाशी बसते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. टर्नटेबलला ७८ चा वेग आणि त्यासाठीची वेगळी सुई दोन्ही हवं. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी ठेवली तर जड साउंडबॉक्स (सुई धरणारा गोल डबा) आणि पोलादी सुई ती एका फेरीत कायमची खरवडते. ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूपुरती असते. पैसे वाचवायला तीच पुन्हा वापरू नये, झिजलेलं टोक खाच कापत जातं.

वाकलेल्या एलपी बहुधा गाडीत राहिलेल्या असणार. मे महिन्यात बंद गाडी तासाभरात इतकी तापते की व्हिनाइल मऊ पडतं. खरेदी करून मग मस्तानीला थांबणारे बरेच जण असेच फसतात. एलपी आधी घरी. कडेला थोडा बाक असेल तर स्वच्छ, सपाट दोन काचांमध्ये ठेवून वर ४-५ किलो पुस्तकांचं वजन द्या आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. गच्चीवर उन्हात ठेवून सपाट करण्याचा उपाय काही जण सांगतात. आम्ही तो सांगणार नाही. त्यात बाक जातो आणि खाचाही जातात.

पितळेची जुनी पातेली आणि तांब्याचा हंडा घ्यायचा आहे. स्वयंपाकाला वापरता येतील का?
— एक वाचक, चिंचवड

पितळेच्या पातेल्यात कल्हई असेल तरच. आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे. मग बोटाने वाजवा, सलग नाद आला पाहिजे. चीर असेल तर आवाज फुटका येतो. आतल्या सांध्यांवर राखाडी डाग असतील तर तिथे शिशाचं डाखण (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) लावलेलं असू शकतं. असं भांडं शोभेला ठेवा, चुलीवर नको.

कल्हई डोळ्यांसमोर करून घ्या. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतात, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरवतात. कथील शुद्ध हवं. धुऊन झाल्यावरही पांढऱ्या फडक्यावर काळसर डाग उतरत राहिला तर त्यात शिजवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही. आधी तेल किंवा पाणी, मग आच. उलथनं लाकडी.

हंडा फक्त पाण्यासाठी. पन्हं, ताक, लिंबाचं सरबत बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. उन्हाळ्यात ही चूक फार होते. पोचे काढायचे असतील तर कसब्यातल्या तांबट आळीत न्या. मठारकाम (हातोडीने ठोकून भांडं घडवणं) करणारे हात अजून तिथे आहेत, आणि त्यांना काम देणं हीही जुन्या वस्तूची कदरच आहे.

मे महिन्यात जुनी सागवानी खुर्ची घ्यावी की पावसाळ्यानंतर?
— एक वाचक, औंध

मेमध्येच. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सांधे किती ढिले आहेत ते उघड दिसतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तेच सांधे घट्ट भासवतं. खुर्ची उलटी करून झटका; बारीक पीठ पडलं तर भुंगा अजून आत आहे.

बाजारात ‘शिवकालीन’ म्हणून शिवराई मिळाली. ठेवायला कायद्याची अडचण आहे का?
— एक वाचक, हडपसर

आधी ती शिवकालीन आहे का ते पाहू. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेली तांब्याची शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईतसुद्धा, पाडली जात होती. बाजारात मिळणारी खरी नाणी बहुतेक त्या पुढच्या काळातली असतात. खोटी नाणी ओतीव असतात. कडेवर साच्याची जोडरेघ आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे भिंगातून दिसतात. नाणं घासून चकचकीत करू नका, जुना थर गेला की ओळखही जाते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. संग्रहासाठी एखादं नाणं जवळ बाळगता येतं, पण पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे भेट म्हणून पाठवू नका. जुनी मूर्ती कोणी पथारीवर दाखवली तर लांबच राहा, ती देवळातून उचललेली असू शकते.

भाव किती पाडावा?
— एक वाचक, कर्वेनगर

ठरलेलं प्रमाण नाही. वस्तूतला दोष बोटाने दाखवून त्या दुरुस्तीचा खर्च वजा करा. सकाळी भवानी व्हायच्या वेळी विक्रेता थोडा लवकर तयार होतो, संध्याकाळी आवरताना त्याहून लवकर. चालू मोबाइल आणि सायकल बिलाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.