अमेरिकेत फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला खासगी शेतं मिळेनाशी का झालीत?

मुख्य कारण पैसा. पूर्वी शेतकऱ्याच्या दारात जाऊन ‘येऊ का?’ विचारलं की बहुतेकदा काम व्हायचं. आता साउथ डकोटात त्याच शिकारीचे दिवसाला शेकडो डॉलर मिळतात. फुकट कोण सोडेल? शिवाय हे पक्षी ज्यात राहतात ते गवतच घटलं. शेत पडीक ठेवायला सरकार भाडं देतं, त्या सीआरपी योजनेत २००७ मध्ये सुमारे ३.६८ कोटी एकर होते. मक्याचे भाव चढले आणि लाखो एकर पुन्हा नांगराखाली गेले. नॉर्थ डकोटात ‘शिकारीला मनाई’ची पाटी नसेल तर रान मोकळं, हा जुना नियम (मला तो आवडायचा), पण २०२१ पासून पाटी ऑनलाइनही लावता येते.

जायचंच असेल तर कॅन्ससची ‘विहा’ योजना बघा: शेतकऱ्यांकडून जमीन सरकार भाड्याने घेतं, परवाना काढून तुम्ही पायी फिरायचं.