जलपर्णी, चिलापी आणि फिश टँकमधला सकर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे बाहेरून आलेल्या आणि आपल्या नद्या-तलावांत पसरलेल्या वनस्पतींवर, माशांवर लक्ष ठेवायचं आणि जमेल तिथे त्यांना आवरायचं, त्यावर भरपूर पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हापुन्हा आले ते घेते.

ताई, मी बारावी सायन्सला आहे, कृष्णेच्या काठावर राहते. मला हेच काम करायचंय पण आई विचारते की ही नोकरी असते तरी का. काय शिकावं लागतं आणि तुम्ही दिवसभर नक्की काय करता? (एक विद्यार्थिनी, सांगली)

आईचा प्रश्न बरोबर आहे गं. या नावाची पोस्ट आपल्याकडे जवळजवळ नसते. मत्स्यव्यवसाय खातं, कृषी संशोधनाच्या संस्था, विद्यापीठांचे प्रोजेक्ट, पाण्याच्या योजना, बंदरं, कन्सल्टन्सी असं सगळीकडे हे काम वाटलेलं आहे आणि सुरुवातीची काही वर्षं प्रोजेक्टवरच काढावी लागतात, एक संपला की दुसरा शोधायचा, हे आईला आधीच स्पष्ट सांग.

शिक्षणाचे दोन रस्ते. एक, थेट मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी, आपल्याकडे रत्नागिरीला शिरगाव, नागपूर आणि उदगीरला कॉलेजं आहेत, पुढे मास्टर्स-पीएचडीसाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. दुसरा, झूलॉजी किंवा बॉटनीत बीएस्सी आणि मग एमएस्सी. मी दुसऱ्या रस्त्याने आले आणि मला माशांचं बरंच नंतर शिकावं लागलं. दोन गोष्टी मात्र आत्तापासून शिक, स्टॅटिस्टिक्स आणि पोहणं. पोहणं मस्करीत सांगत नाहीये. होडीत बसून गाळ उपसताना तोल जातो आणि जलपर्णीच्या खाली पाणी किती खोल आहे ते वरून अजिबात कळत नाही.

दिवसभराचं म्हणशील तर पहाटे पाण्यावर, कारण पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो आणि तोच आकडा आपल्याला हवा असतो, मग मोजमाप, फोटो, बाटल्या भरणं, दुपारी लॅब किंवा एक्सेल, आणि बाकी अर्धा दिवस माणसांशी बोलण्यात. कोणी सांगतं नव्या प्रकारचा मासा लागला, कोणी सांगतं विहिरीत परदेशी कासव टाकलंय. सांडपाण्यात उतरायचं असतं म्हणून गमबूट-ग्लोव्हज, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर, आणि पावसाळ्यात अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, लेप्टोचा ताप येतो, दूषित पाण्यातून जखमेवाटे होतो तो. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, कॉलेजात कोणी सांगत नाही म्हणून सांगते.

मॅडम, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर आहे. उजनीत चिलापी आहे म्हणून आमची चूल पेटते. तुम्ही लिहिता ती परदेशी आहे, वाईट आहे. उद्या ती हटवली तर आम्ही खायचं काय? (एक मच्छीमार, इंदापूर तालुका)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी सरळ सांगते, उजनीतून चिलापी कोणी हटवू शकत नाही, आणि शक्य असतं तरी मी आता तसं सुचवलं नसतं.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळ आफ्रिकेतली, आपल्या देशात 1952 साली आणली, तीही मुद्दाम, लोकांना स्वस्तात मासा मिळावा म्हणून. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ही जात अशी की दोन-तीन महिन्यांत अंड्यावर येते, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते त्यामुळे पिल्लं मरतात कमी, आणि घाण पाण्यातही तग धरते. उजनी 1980 साली पूर्ण झालं, भीमेचं वाहतं पाणी थांबलं, वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येत राहिलं, म्हणजे चिलापीला हवं तसंच पाणी आपण तयार करून दिलं आणि ज्या माशांना वाहतं स्वच्छ पाणी लागतं ते मागे पडले. तुमच्या वडिलांना विचारा, मरळ, वाम, शिंगटा किती लागायचा आणि आता किती लागतो. त्या जागी आज चिलापी आहे आणि तिच्यावरच हजारो घरं चालतात, तर कागदावर परदेशी लिहिलंय म्हणून ती तुमच्या जाळ्यातून काढून घ्यायची हे मला न्यायाचं वाटत नाही. आमच्या शास्त्रातही आता हेच म्हणतात की जात नवी असेल, थोडक्यात असेल तर उपटून काढा, पसरून पन्नास-साठ वर्षं झाली असतील तर तिच्यासोबत राहायची रीत शोधा.

मग मी तुमच्याकडून काय मागते? एक, लहान आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी नको. त्यात चिलापीबरोबर कटला-रोहूचं बी आणि उरलासुरला गावठी मासा पण जातो. तुम्ही म्हणाल बाकीचे लावतातच, मी एकट्याने नाही लावलं तर काय होणार, ते खरंय, त्यामुळे हे मच्छीमार सोसायटीत ठरलं पाहिजे, एकट्यावर टाकून चालणार नाही. दोन, पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे ओढ्या-नाल्यांत अंडी घालायला वर चढतात तेव्हा त्या तोंडांवर जाळी लावू नका. तीन, आणि हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं, जाळ्यात ओळखीचा नसलेला मासा आला तर टाकून द्यायच्या आधी फोटो काढा आणि मत्स्य खात्याला पाठवा. सकर मासा, तो फिश टँकमध्ये पाळतात तो, खडबडीत अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा, जाळं फाडणारा, तो लागला तर जिवंत परत पाण्यात सोडू नका. तो हवेतूनही श्वास घेतो, काठावर तासन्‌तास जिवंत राहतो आणि पाऊस आला की सरपटत परत जातो. काठापासून लांब नेऊन पुरा.

पाण्यावर काय बदललं हे आम्हाला तुमच्यानंतरच कळतं, सहा महिन्यांनी, कधी वर्षानी. तुमचा एक फोटो म्हणजे आमचं एक वर्ष वाचतं.

दर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीसमोर नदीत पोकलेन येतं, जलपर्णी काढतात, फोटो छापून येतात आणि पुढच्या वर्षी परत तेवढीच. लाखो रुपये जातात. ते जलपर्णी खाणारे भुंगे का सोडत नाहीत? (एक वाचक, पुणे)

हा प्रश्न एकट्या पुण्यातून अकरा जणांनी विचारला, त्यामुळे जरा सविस्तर.

जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, अॅमेझॉनच्या खोऱ्यातली, जांभळ्या फुलांसाठी जगभर नेली. ऊन आणि सांडपाणी दोन्ही मिळालं की आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होते. आता हिशोब बघा. एक नोव्हेंबरला नदीच्या एका कोपऱ्यात एक गुंठा जलपर्णी आहे आणि ती पंधरा दिवसांनी दुप्पट होते असं धरा, तर एक फेब्रुवारीला चौसष्ट गुंठे म्हणजे दीड एकराच्या वर, आणि एक मार्चला सहा एकराच्या वर. थंडीत वेग थोडा कमी असतो हे मान्य, पण गणित बदलत नाही. नोव्हेंबरमध्ये दोन माणसं आणि एक होडी दिवसभरात जे काढू शकतात त्यासाठी आपण मार्चमध्ये पोकलेन आणि हायवा लावतो, आणि जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे ट्रकभर पाणी वाहून नेण्याचेच पैसे देतो. टेंडर काढायचं तर काढा, पण पावसाळा संपल्यावर लगेच काढा, नदी ओसरल्यावर कोपऱ्यात, बंधाऱ्यामागे अडकलेली जी थोडी रोपं असतात ती मुळं बनतात पुढच्या सगळ्याची. आणि पैसे किती टन काढली यावर देऊ नका, महिन्यानंतर किती उरली यावर द्या. मी जिथे जिथे बोलते तिथे एवढं एकच मागणं करते.

भुंग्यांचं सांगते. निओकेटिना नावाचे दोन जातींचे छोटे भुंगेरे आहेत, ते जलपर्णीच खातात, आपलं पीक खात नाहीत, हे आधी तपासूनच 1982-83 च्या सुमारास ते भारतात आणले आणि बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने तिथल्या तळ्यांत सोडले. काही तळ्यांत साधारण तीन वर्षांत जलपर्णी आटोक्यात आली. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर नव्वदच्या दशकात हेच भुंगेरे उपयोगी पडले. जबलपूरची तण संशोधन संस्था आजही असे कीटक पुरवते.

पण भुंगेऱ्याला एक पिढी वाढायला अडीच-तीन महिने लागतात आणि जलपर्णी पंधरा दिवसांत दुप्पट. जिथे पाण्यात सांडपाणी जास्त तिथे झाड खाल्लेलं भरून काढतं. शिवाय वाहत्या नदीत पूर आला की झाड आणि भुंगेरे दोन्ही खाली वाहून जातात, आपल्या इथे तर थेट उजनीकडे. म्हणून हे बंद तलावात चालतं, शहरातल्या नदीत एकट्याने नाही चालत.

एक अनुभव सांगते, अजून मनात सलतो. एका गावाच्या तलावात आम्ही भुंगेरे सोडले होते, दर पंधरा दिवसांनी पानं मोजायचो, पानांवर खाल्ल्याचे ते छोटे चौकोनी ओरखडे वाढत होते, चौथ्या महिन्यात देठ पोखरलेले दिसायला लागले आणि मी इतकी खूश होते. पाचव्या महिन्यात गेले तर तलाव रिकामा. कोणीतरी पाहुणे येणार होते म्हणून दोन दिवसांत सगळी जलपर्णी काढून काठावर टाकली, भुंगेऱ्यांसकट, ती उन्हात वाळत पडलेली. काठाला शे-दोनशे रोपं राहिली होती, ती पुढच्या दिवाळीपर्यंत परत तलावभर झाली, आता खाणारं कोणी नव्हतं. चूक माझीही होती, मी ग्रामपंचायतीला पत्र दिलं होतं पण सफाईच्या ठेकेदाराशी एकदाही बोलले नव्हते. आता पहिला चहा मी ठेकेदारासोबत घेते.

तुम्ही काय करू शकता तर सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, खरंच चालू आहे का ते बघा. बिल्डरने बांधून दिलेला आणि वीजबिल वाचवायला बंद ठेवलेला एसटीपी हे जलपर्णीचं खत आहे.

मुलाच्या फिश टँकमधला सकर आता हातभर झालाय, बाकीच्या माशांना त्रास देतो. मारायला जीव होत नाही. खाडीत किंवा तलावात सोडलं तर चालेल का? (एक आई, ठाणे)

नका सोडू, प्लीज. सोडताना आपल्याला वाटतं जीवदान दिलं, पण हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो, काठात बिळं करतो त्याने काठ ढासळतात, आणि वर दादांनी ज्या उजनीबद्दल लिहिलंय तिथे तो असाच कोणाच्या तरी टँकमधून पोचला असणार. दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात, नाहीतर मोठा टँक असलेल्या कोणाला द्या. अगदीच कोणी नाही मिळालं तर माशांच्या डॉक्टरांशी किंवा मत्स्य पदवीधराशी बोला, लवंग तेलाने शांतपणे शेवट करता येतो. मुलाला खरं कारण सांगा, मुलांना कळतं. लाल कानाच्या कासवाचंही हेच, देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य नाही लागत.

माझी मुलगी इथे मिनेसोटात उन्हाळ्यात बोट इन्स्पेक्टरचं काम करते, बायोलॉजी शिकून लोकांच्या बोटी तपासायच्या. याला काय अर्थ आहे? (एक वडील, अमेरिका)

काका, तिचं काम आमच्या अख्ख्या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त फायद्याचं काम आहे. झेब्रा मसल, म्हणजे आपल्या शिणाण्यांसारखाच पण नखाएवढा पट्टेरी शिंपला, 1988 साली तिकडे लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला, युरोपातून जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे जहाजाचा तोल राखायला तळात भरतात त्या पाण्यातून आला. त्याची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, बोटीत उरलेल्या तांब्याभर पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, मग पाइप बुजतात आणि एकदा पसरला की मोठ्या तळ्यातून काढायचा उपाय आजही नाही. म्हणून बोटीच्या तळाचा प्लग काढा, पाणी सोडा, कडक गरम पाण्याने धुवा, पाच दिवस वाळवा, हेच औषध.

वेळेत सापडल्यावर काय होतं त्याचं उदाहरण 1999 चं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं. तिथल्या एका मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या छोट्या बंदरात, काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला, मरीनाला दरवाजे होते, ते बंद केले, आत क्लोरीन आणि मोरचूद टाकलं, आतलं बाकीचंही सगळं मेलं पण शिंपला संपला. तोच शिंपला आपल्या मुंबईच्या आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांमध्ये कित्येक दशकांपूर्वीच येऊन बसलाय आणि तो आता काढता येत नाही. तुमची मुलगी तो दरवाजा आहे असं समजा.

ताई, तुम्हाला माशांची आवड म्हणून या क्षेत्रात आलात आणि मासेच मारता. वाईट वाटत नाही? (एमएस्सीचा एक विद्यार्थी, नागपूर)

वाटतं. थाई मांगूर या माशावर 2000 सालापासून बंदी आहे, मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडच्या कुठल्याही माशाला गिळतो. एका ठिकाणी चोरून पाळलेली तळी रिकामी करताना ओळख पटवायला मला बोलावलं होतं. खड्डा खणलेला, चुना तयार, मासे टोपलीने येत होते आणि मांगूर पाण्याबाहेर लवकर मरत नाही. माझं काम एवढंच की डोक्याच्या हाडाचा मागचा आकार बघून आपला गावठी मांगूर चुकून खड्ड्यात जात नाही ना ते तपासायचं. दुपारपर्यंत हात सोलवटले होते. सात गावठी निघाले, ते ड्रममध्ये घालून मी स्वतः नदीवर सोडून आले. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी परत गेले कारण अजून दोन तळी राहिली होती आणि त्यातही गावठी असू शकले असते.