लेन्सची अँटीबॉडी, हार्टमधला बँड आणि इतर प्रश्न

प्रश्न : मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट मोतीबिंदूवर. अल्फा-बी क्रिस्टॅलिनची अँटीबॉडी मागवली, माउस मोनोक्लोनल (उंदरापासूनची, एकाच ठिकाणाला चिकटणारी). माहितीपत्रकात ‘डोळ्याच्या लेन्समधलं प्रोटीन’ असं स्पष्ट लिहिलंय म्हणून निगेटिव्ह कंट्रोलला (जिथे काहीच दिसायला नको) उंदराचं हार्ट लावलं, तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रोटीन्स मेंब्रेनवर घेऊन अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) हार्टच्या लेनमध्येही २० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास ठसठशीत बँड, वर २५ ला अजून एक. आणि लेन्सच्या लेनमध्ये, जिथे सगळ्यात गडद यायला हवं, तिथे मधोमध चक्क पांढरं! सगळे म्हणतायत अँटीबॉडी बाद आहे, परत पाठव. पाठवू का?

उत्तर : अजिबात पाठवू नका. तुमची अँटीबॉडी बहुतेक ठणठणीत आहे, कंट्रोल चुकलाय.

हार्टमधला २० चा बँड खराच असणार. क्रिस्टॅलिन हे नाव १८९४ सालचं, मोर्नर नावाच्या संशोधकाने लेन्समधल्या प्रोटीन्सना दिलेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळे हेच धरून चालले की ही प्रोटीन्स फक्त लेन्सचीच. त्याला कारणही होतं म्हणा, १९०३ मध्ये उलेनहुटने दाखवलं होतं की गुराच्या लेन्सविरुद्ध सशात तयार केलेला सिरम (रक्तातला अँटीबॉडीज असलेला द्रव) दुसऱ्या प्राण्यांच्या लेन्सशी जुळतो पण त्याच गुराच्या रक्ताशी जुळत नाही. म्हणजे लेन्स हे एक वेगळंच संस्थान, असं चित्र तयार झालं. ते मोडलं थेट १९८९ च्या सुमारास, जेव्हा अल्फा-बी हृदयात, स्नायूंत, मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींमध्येही सापडलं. ते मुळात स्मॉल हीट शॉक प्रोटीन आहे, त्याचं दुसरं नावच एचएसपीबी५. बिघडलेल्या प्रोटीन्सना धरून ठेवायचं, त्यांचे गठ्ठे होऊ द्यायचे नाहीत, हे त्याचं काम (होरविट्झने १९९२ मध्ये हे चॅपेरोनचं काम दाखवलं), आणि असं काम हृदयाच्या स्नायूला रोजच लागतं. १९९८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात या प्रोटीनमधलं १२० नंबरचं अमिनो अ‍ॅसिड आर्जिनिन बदलून ग्लायसिन झालेलं सापडलं, त्या लोकांना स्नायूंचा आजार, हृदयाचा त्रास आणि मोतीबिंदू असं सगळं एकत्र होतं. याहून चांगला पुरावा काय हवा? माहितीपत्रकात ‘लेन्स’ लिहिलंय ते माणसांसाठी, अँटीबॉडीला अवयव कळत नाही, तिला फक्त प्रोटीनचा एक छोटासा तुकडा ओळखता येतो, तो जिथे दिसेल तिथे ती चिकटणार.

अल्फा-ए ची गोष्ट वेगळी, ते खरंच जवळजवळ लेन्सपुरतंच आहे. तुम्हाला ‘फक्त लेन्स’ असा मार्कर हवा असेल तर अल्फा-ए घ्या. फक्त एक बघा, दोघांची अमिनो अ‍ॅसिडची माळ अर्ध्याहून जास्त सारखी आहे (१७३ आणि १७५ लांबीची), आणि जेलवर दोघं शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे अख्ख्या प्रोटीनविरुद्ध केलेली पॉलिक्लोनल (अनेक ठिकाणी चिकटणाऱ्या अँटीबॉडीजचं मिश्रण) असेल तर ती दोघांनाही धरू शकते. एपिटोप (अँटीबॉडी ओळखते तो तुकडा) कुठला आहे हे विकत घेण्याआधीच विचारून घ्यायचं, नंतर नाही.

आता २५ चा बँड. तुमची प्रायमरी (प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी) उंदराची, टिश्यू पण उंदराचं, मग सेकंडरी (प्रायमरीला चिकटून तिची जागा दाखवणारी) अँटी-माउस असणार. हार्टमध्ये रक्त असतं, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीज असतात, सेकंडरी त्यांनाही धरते आणि त्यांची लाइट चेन (अँटीबॉडीची छोटी साखळी) बरोब्बर २५ ला येते. लेन्समध्ये रक्तवाहिन्याच नाहीत म्हणून तिथे हा बँड दिसत नाही, आणि म्हणूनच लेन्सवर काम करणाऱ्यांना ही भानगड पहिल्यांदा दुसरा अवयव हातात घेतल्यावरच कळते. एक मेंब्रेन प्रायमरी न लावता नुसत्या सेकंडरीने करून बघा, २५ तसाच राहिला की प्रश्न मिटला. हे आवडत नसेल तर सशाची प्रायमरी घ्या.

आणि ते पांढरं भूत! हे मी स्वतः पहिल्या वर्षी बघितलंय आणि दोन आठवडे वाया घालवलेत. सवयीने सगळ्या लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम लोड केलं असणार ना? लेन्समध्ये विरघळणाऱ्या प्रोटीनपैकी जवळजवळ ९० टक्के क्रिस्टॅलिनच असतं. तिथे इतकी सेकंडरी येऊन बसते की तिच्यावरचं एचआरपी (प्रकाश पाडणारं एन्झाइम) सगळा सबस्ट्रेट (त्याला लागणारं रसायन) काही सेकंदांत खाऊन टाकतं, फोटो घेईपर्यंत मधला प्रकाश विझलेला आणि कडा तेवढ्या चमकतायत. ईसीएल (हाच प्रकाश देणारा सबस्ट्रेट) टाकल्यावर डार्करूममध्ये मेंब्रेनकडे नुसत्या डोळ्यांनी बघा, बँड क्षणभर उजळतो, मग विझतो आणि जागेवर तपकिरी डाग राहतो, तो दिसला की समजा जास्त झालंय. लेन्सचं अर्धा मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी लावा, प्रायमरी अजून पातळ करा.

निगेटिव्ह कंट्रोलला लिव्हर लावा, तिथे अल्फा-बी जवळजवळ नसतंच. सगळ्यात उत्तम म्हणजे नॉकआउट (ते जीन काढून टाकलेल्या) उंदराचं टिश्यू, कुणाकडून मिळालं तर. गंमत अशी की अल्फा-ए नसलेल्या उंदरांना मोतीबिंदू होतो पण अल्फा-बी नसलेल्यांची लेन्स स्वच्छच राहते, बिघाड दिसतो तो स्नायूंत.

प्रश्न : गुरांच्या लेन्सवर काम करतो, वासरू आणि म्हातारं जनावर अशी तुलना आहे. वय वाढलं की अल्फा क्रिस्टॅलिनचा बँड फिका होतो. प्रोटीन कमी होतं असं लिहू का पेपरमध्ये?

उत्तर : लिहू नका, रिव्ह्यूअर फाडून खाईल. सेंट्रिफ्यूज केल्यावर खालचा पेलेट (न विरघळलेला गाळ) टाकून दिलात का? तुमचं प्रोटीन तिथे गेलंय. म्हातारी लेन्स होमोजिनाइझ करताना हाताला कळतं बघा, बाहेरचा भाग मधासारखा निघून येतो आणि मधला गोळा तसाच घट्ट राहतो, घासत बसलं तरी पूर्ण विरघळत नाही. लेन्सच्या आतल्या पेशींना न्यूक्लियस नसतो, नवीन प्रोटीन बनत नाही, त्यामुळे मधोमधचं क्रिस्टॅलिन त्या जनावराच्या वयाचंच असतं (माणसातही तसंच, जन्माआधीचं प्रोटीन म्हातारपणापर्यंत). इतक्या वर्षांत ते तुटतं, डिअमिडेट होतं (त्यात रासायनिक बदल होतो), एकमेकांत अडकतं आणि पाण्यात विरघळेनासं होतं. पेलेट ६ ते ८ मोलर युरियात घ्या आणि दोन्ही भाग शेजारी-शेजारी चालवा. युरियातलं सॅम्पल उकळू मात्र नका, कार्बामिलेशन (युरियातून आलेले तुकडे प्रोटीनला चिकटणं) होतं आणि मग बँड वेगळीच कथा सांगतात.

दुसरं, अँटीबॉडी सी-टर्मिनलच्या (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाच्या) पेप्टाइडविरुद्ध केलेली आहे का ते बघा. वयाबरोबर अल्फा क्रिस्टॅलिनची टोकं झडतात. टोक गेलं की एपिटोप गेला, प्रोटीन आहे तिथेच आणि तुमच्या अँटीबॉडीसाठी मात्र ते अदृश्य. मधल्या भागाची एखादी अँटीबॉडी लावून ताडून घ्या, कूमासी या सगळी प्रोटीन्स रंगवणाऱ्या रंगाने जेल रंगवून पण बघा, तो टोकाबिकाकडे बघत नाही.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्सवर जो प्रोटीनचा थर बसतो तो हाच का?

उत्तर : नाही हो, नावात लेन्स आहे एवढंच. तो थर अश्रूंमधून येतो, त्यात लायसोझाइम बरंच असतं. क्रिस्टॅलिन आतल्या नैसर्गिक लेन्सचं, कॅप्सूलच्या आत बंद.

प्रश्न : आईला मोतीबिंदूची सुरुवात आहे. लेन्स प्रोटीनची अँटीबॉडी नेटवर विकायला दिसली, थेंब करून घालता येतील का? बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलंय.

उत्तर : कृपा करून घालू नका. ते वाक्य शोभेसाठी छापलेलं नसतं, माणसाच्या शरीरात वापरायला ती बाटली कुणीही तपासलेली नाही, निर्जंतुक असेलच असं नाही आणि बऱ्याचदा त्यात सोडियम अझाइड असतं, जे विषारी आहे. शिवाय अँटीबॉडी १५० किलोडाल्टनचा अवाढव्य रेणू, थेंब टाकून ती लेन्सच्या आत पोचणार नाही, आणि पोचली समजा तरी ती प्रोटीनला चिकटते, गठ्ठा सोडवत नाही. आईंना नेत्रतज्ज्ञांकडे न्या. सुरुवात असेल तर कदाचित नुसता चष्म्याचा नंबर बदलून काही काळ भागेल, आणि दिसायला अडचण व्हायला लागली की ऑपरेशन, ज्यात ही लेन्सच काढून कृत्रिम बसवतात.

प्रश्न : अझाइडचा विषय निघालाच आहे तर, आमची सेकंडरी सारखी मरते. फ्रीजमध्ये ४ डिग्रीला ठेवतो, बुरशी नको म्हणून थोडं अझाइड टाकतो.

उत्तर : सेकंडरीवर एचआरपी आहे ना? मग तुम्हीच मारताय तिला, अझाइड एचआरपी बंद पाडतं. प्रायमरीत चालतं, मेंब्रेन नीट धुतलंत तर. सेकंडरीत ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा, गोठत नाही.