स्पोर्ट्स सेडानला मॅन्युअल का नाही? आणि आणखी काही प्रश्न

प्रश्न : बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यायचं जवळपास ठरलंय. पण मॅन्युअल गिअर नाही, रिअर व्हील ड्राइव्हही (ताकद फक्त मागच्या चाकांना) नाही. एवढे पैसे मोजून निवड का नाही? (नेरुळ)

उत्तर : तुमची तक्रार मला मनापासून पटते, मीही क्लच-गिअरवरच हात बसवलेला माणूस. पण मॅन्युअल एम३४०आय जगात कुठेच मिळत नाही. रिअर व्हील ड्राइव्हची अमेरिकेत मिळते. आपल्याकडे फक्त एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. ही गाडी चेन्नईत जुळवली जाते. इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हची प्रत्येक नवी जोडी म्हणजे पुन्हा चाचण्या, पुन्हा मंजुरी, सुट्या भागांचा वेगळा साठा. मागणारे बोटांवर मोजण्याइतके असले की कंपनी त्या खटाटोपात पडत नाही.

दुसरी गोष्ट टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची. तो जास्त असलेल्या प्रकारांना मॅन्युअल सहसा मिळत नाही. परदेशात बीएमडब्ल्यूचीच एम३ मॅन्युअलमध्ये मिळते, पण ५५० न्यूटन-मीटरच्या मूळ प्रकारात आणि मागच्या चाकांवरच. ६५० न्यूटन-मीटरचा ‘कॉम्पिटिशन’ हा तिचा प्रकार फक्त ऑटोमॅटिक. मागून ढकलणारी गाडीच हवी असेल तर ३३०एलआय चालवून बघा, ताकद कमी असली तरी. आणि डाव्या पायाला क्लच हवाच असेल, तर २०२३मध्ये इथे आलेल्या एम२ला सहा गिअरच्या मॅन्युअलचा पर्याय दिला होता. ती दोन दारांची आहे. आईवडिलांना रोज मागे बसवायचं असेल तर घेऊ नका.

प्रश्न : रोज घोडबंदर रोडनं जातो. ड्युअल क्लच बरा की टॉर्क कन्व्हर्टर? (कासारवडवली, ठाणे)

उत्तर : तुमच्या रस्त्याला टॉर्क कन्व्हर्टर. दोन्ही ऑटोमॅटिकच; पहिल्यात दोन क्लच आपोआप धरतात-सोडतात, दुसऱ्यात इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत गाडी हात-हात पुढे सरकते. प्रत्येक वेळी ड्युअल क्लचच्या प्लेटा अर्धवट धरतात, घासतात, तापतात. कन्व्हर्टरमध्ये ही घसरण तेलातच होते आणि उष्णता कूलरकडे जाते. तेलात बुडालेला ओला क्लच कोरड्यापेक्षा जास्त सोसतो, पण घासणं त्यालाही चुकत नाही.

मर्सिडीज-एएमजी सी४३चा नऊ गिअरचा बॉक्स दिसायला नेहमीचा ऑटोमॅटिक, पण त्यात कन्व्हर्टरच्या जागी ओला क्लच आहे. अशा गाडीत पुढे एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. पुलाच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक पूर्ण दाबा.

प्रश्न : पावसात पाम बीच रोडवर चारही चाकांना ताकद देणारी (ऑल व्हील ड्राइव्ह) गाडी जास्त सुरक्षित ना? (सीवूड्स)

उत्तर : सिग्नलवरून निघताना, हो. थांबताना अजिबात नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की कुठलाही ड्राइव्ह कामाचा नाही. वेग कमी ठेवा, टायरच्या खाचा तपासा.

प्रश्न : ऑल व्हील ड्राइव्ह सेडानचा एक टायर फुटला. दुकानदार म्हणतो, एकच बदला. चालेल का? (ऐरोली)

उत्तर : बाकीचे तीन नवेच असतील तरच. हिशोब करून बघा. ६४० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा टायर ४ मिलिमीटर झिजला की व्यास ८ मिलिमीटरनं कमी होतो. म्हणजे नवं चाक दर फेऱ्याला जवळपास २५ मिलिमीटर जास्त अंतर कापतं. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल जोडणाऱ्या ट्रान्सफर केसला ही तफावत सतत सोसावी लागते. सरळ, कोरड्या एक्सप्रेसवेवरसुद्धा.

गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजला अशीच एक सेडान आली. पुढे उजवीकडे कोरा टायर, बाकी तीन गुळगुळीत व्हायला आलेले. स्टिअरिंग पूर्ण वळवून अंगणात फिरवली, तर मागून कुणीतरी ओढून धरावं तशी धक्के देत होती. मालकाला दोन ठिकाणी गिअरबॉक्स उघडायला सांगितला होता. आम्ही आधी एकाच कंपनीचे, त्या गाडीला नेमून दिलेले चारही टायर बसवले, ट्रान्सफर केसचं तेल बदललं. काढलेलं तेल काळं, जळका वास येणारं होतं. दोन दिवस फिरवल्यावर धक्के थांबले, गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

तेव्हा आधी चारही टायरच्या खाचांची खोली मोजून घ्या. फरक जास्त निघाला तर चारही बदला. आणि गाडी ६०-७० हजार किलोमीटर चाललेली असेल तर ट्रान्सफर केसचं तेलही त्याच फेरीत बदलून घ्या.