आरव्हीचा ‘फुल इन्शुरन्स’ आणि छताची भानगड

“काउंटरवरच्या माणसाने सांगितलंय की सगळं कव्हर होतं, मग डिपॉझिट परत मिळायला अडचण येऊ नये ना?” भाड्याच्या आरव्हीबद्दलच्या (म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोटरहोमबद्दलच्या) तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. तुम्ही विचारलंय आईवडिलांच्या सोयीबद्दल, गाडीच्या लांबीबद्दल आणि मार्गाबद्दल. विम्याचं जाता जाता आलंय. मला विचाराल तर तेच आधी. सॉल्ट लेक सिटीहून क्लास सी गाडी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली आरव्ही), जूनमध्ये ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानं, सहा माणसं, त्यातली दोन सत्तरीची आणि दोन पोरं, नऊ आणि पाच वर्षांची... आमचीच सहल पुन्हा वाचल्यासारखं झालं. तुमचे आईवडील नाशिकहून येतायत, आमचे सासू-सासरे कोल्हापूरहून आले होते, एवढाच फरक.

लायसन, माइलचा हिशोब, चादरी-भांड्यांचं किट वगैरे कंपनी सांगतेच, ते सोडून देते. (मी वकील नाही, विमा एजंटही नाही. राज्याप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे नियम बदलतात. तुमचा करार तुम्ही वाचायचा.)

तर विमा. बहुतेक क्रेडिट कार्डांच्या भाड्याच्या गाडीसाठीच्या संरक्षणात मोटरहोम बसत नाही. आपल्या कारची पॉलिसी आरव्हीला लागू होते का, हे एजंटकडून ईमेलवर घ्या, फोनवरचं ‘हो हो’ चालत नाही. म्हणजे शेवटी काउंटरवर मिळतो तोच विमा घ्यावा लागतो. त्याच्या बारीक अक्षरांत ‘ओव्हरहेड’ आणि ‘अंडरकॅरेज’ हे दोन शब्द शोधा. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. आता तुम्हीच सांगा, अकरा-बारा फूट उंच गाडीला लागतं कुठे? कॅम्पग्राउंडच्या पाइनच्या फांद्या, ड्राइव्ह-थ्रूची कमान, पेट्रोल पंपाचं छप्पर, सगळं वरूनच. जिथे लागायची शक्यता सगळ्यात जास्त, तेवढंच विम्याबाहेर. आणि काउंटरवर म्हणायचं ‘फुल्ली कव्हर्ड’!

आमच्या बाबतीत काय झालं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडून नेमक्या याच ठिकाणी पैसे जातील. कंपनीचं नाव विचारू नका, देणार नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढले, चाकं, काच, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत), आतली कपाटं, सगळं. गाडीच्या मागे शिडी होती, ती दोन पायऱ्या चढले तर आतून माणूस धावत आला. ग्राहकाने छतावर जायचं नाही, आमच्या विम्यात बसत नाही, खाली उतरा. म्हटलं, बरं, मग तुम्ही चढा आणि मला फोटो काढून द्या. तर म्हणे त्याची गरज नाही, छत आम्ही आधीच तपासलंय. फॉर्मवर छतासाठी रकाना होता, त्यात त्यानेच ‘ओके’ लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

परत दिली त्या दिवशी मात्र त्यांचा माणूस आल्या आल्या शिडीवर. पाच मिनिटांत खाली आला तो फोनवर फोटो घेऊनच. बाथरूमच्या वर हवेसाठी चौकोनी झरोका असतो, त्याचं प्लास्टिकचं झाकण तडकलेलं. तुम्ही झरोका उघडा ठेवून हायवेवर गाडी चालवलीत, असा निष्कर्ष जागेवरच. ही झाकणं उन्हाने कडक होऊन आपोआपही तडकतात, साधारण चौदा इंची ठरलेल्या मापाचा स्वस्त सुटा भाग आहे तो. पण बिलात झाकण, मजुरी आणि वर ‘लॉस ऑफ यूज’, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत गाडी भाड्याने देता आली नाही म्हणून तितक्या दिवसांचं पूर्ण भाडं. डिपॉझिट जवळजवळ सगळं त्यातच गेलं.

खरा छळ त्यानंतरचा. काउंटर म्हणे क्लेम्सवाल्यांना विचारा. क्लेम्सवाले म्हणे निर्णय शाखेच्या मॅनेजरचा. मॅनेजर फक्त ईमेलला उत्तर देतात, आणि ते उत्तर म्हणजे करारातल्या त्याच परिच्छेदाचा तोच स्क्रीनशॉट. गाडी खरंच त्या दिवसांत उभी होती का, दुरुस्तीची पावती कुठे, हे दोन प्रश्न मी किती वेळा विचारले असतील! एकदाही उत्तर नाही. ज्या छताकडे मला बघूही दिलं नाही, त्याची जबाबदारी मात्र माझी. हे आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून एवढं लिहिलं.

शेवटी प्रकरण हलवलं ते सासऱ्यांनी. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस. माझं रागाने लिहिलेलं पत्र व्हॉट्सॲपवर वाचलं आणि म्हणाले, “यातली विशेषणं सगळी काढ. तारीखवार लिही. प्रत्येक मुद्द्यापुढे जोडपत्राचा क्रमांक घाल. शेवटी काय मागणी आहे ते एका ओळीत.” तसं केलं. तेच पत्र राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार म्हणून आणि तेच कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट म्हणून गेलं. ‘लॉस ऑफ यूज’ काढून टाकला गेला, झाकणाचे आणि मजुरीचे पैसे गेले ते गेलेच.

तुम्ही काय करा? डिपॉझिट क्रेडिट कार्डानेच भरा. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात. क्रेडिट कार्डाच्या बिलावरची हरकत पहिलं स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी नोंदवावी लागते, तेव्हा कंपनीच्या ‘चौकशी चालू आहे’वर विसंबून बसू नका. लांब सेल्फी स्टिक न्या. शिडी न चढता, जमिनीवर उभं राहून छताचा सलग व्हिडिओ काढता येतो, त्यात गाडीचा नंबरही येऊ द्या. त्याला हरकत घेतली, तर फॉर्मवर छताच्या रकान्यात ‘ग्राहकाला पाहू दिलं नाही’ असं लिहून मगच सही करा. भांडण होईल, होऊ दे. गाडी परत देतानाही तोच व्हिडिओ, त्यांच्या आवारात, त्यांच्या माणसासमोर.

झरोक्यावरून आठवलं. आपल्या फोडणीने आरव्हीतला स्मोक अलार्म हमखास वाजतो. मग आपण वरचा झरोका उघडतो, आणि निघताना तो बंद करायचा राहतो. निघण्याआधीची यादी कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवा: झरोके, ऑनिंग, पायरी, पाण्याचा पाइप, विजेची केबल, कपाटांच्या कड्या, गॅस. यादी एकाने वाचायची, दुसऱ्याने हात लावून बघायचं. हे काम नऊ वर्षांच्या मुलाला द्या, ती पोरं मोठ्यांपेक्षा कडक असतात. खमंग स्वयंपाक शक्यतो बाहेरच्या टेबलावर करा, पण यलोस्टोन अस्वलांचा मुलूख आहे. जेवण झालं की भांडी, तेल, कचरा, सगळं आत. रेंजर दंड करतात आणि बरोबरच करतात.

आता आईवडील. ‘सात जण झोपू शकतात’ या जाहिरातीवर जाऊ नका. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग सत्तरीच्या माणसाला चढवत नाही, आणि रात्री बाथरूमला उतरणं त्याहून अवघड. मागचा पलंग त्यांना द्या, वरचा तुम्हा दोघांना. पोरं डायनेटवर, म्हणजे जेवणाच्या टेबल-बाकांचा पलंग होतो त्यावर.

झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट यांचा आकडा वेगळा असतो, ते विचाराच. शिवाय एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही: डायनेटला बरेचदा फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टरला, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या सीटला, खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलासाठी स्वतःचे पट्टे असलेली कार सीट न्या आणि ती समोर तोंड असलेल्या बाकावरच बांधा. आडव्या किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर नाही. कोणत्या बाकाला कसला पट्टा आहे याचा फोटो कंपनीकडून आधी मागवून घ्या.

जूनमध्येही तिथे रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते. यलोस्टोन लेक साडेसात हजार फुटांच्या वर आहे, आईला दम्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. आरव्हीचा हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. हुकअप (बाहेरच्या वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागी पहाटे बॅटरी बसली की हीटर बंद, आणि रात्री जनरेटर लावायला परवानगी नसते. म्हणून यलोस्टोनमध्ये माझं मत एकच, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. उद्यानाच्या आत वीज, पाणी, सांडपाणी अशी तिन्ही जोडणी असलेली तेवढी एकच जागा आहे. टीटनमध्ये कोल्टर बे आरव्ही पार्क. फिशिंग ब्रिजला जागा नसेल तर उद्यानाबाहेर वेस्ट यलोस्टोन गावात राहा. तंबूवाल्यांचा ‘निसर्गात राहण्याचा’ सल्ला म्हाताऱ्या माणसांसोबत ऐकू नका. बुकिंग वर्षभर आधीपासूनच भरत जातं, तुम्ही अजून केलं नसेल तर रद्द झालेल्या जागांवर रोज सकाळी नजर ठेवा.

गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटर. एकाची बादलीभर आंघोळ झाली की दुसऱ्याने थांबायचं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघराचा रस्ता धरला.

टॉयलेटला आपण पाण्याचा मग वापरतो, त्यामुळे ब्लॅक टँक, म्हणजे मैल्याची टाकी, अंदाजापेक्षा लवकर भरते. पाणी जास्त जाणं टाकीसाठी चांगलंच, फक्त रिकामी लवकर करावी लागते, आणि टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे खोटं बोलतात. पूर्ण हुकअप असलं तरी ब्लॅकची झडप सतत उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि उरलेलं तळाशी घट्ट बसतं. आधी ब्लॅक रिकामी करा, मग ग्रे (सिंक-आंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे पाइप धुऊन निघतो. तेलकट पाणी सिंकमध्ये ओतू नका. हातमोजे स्वतःचे न्या. पुढचं समजून घ्या.

मार्गाबद्दल. फोनवरच्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची-लांबी माहीत नसते. टीटनमधला मूस-विल्सन रोड तो सरळ दाखवतो, आणि तिथे आरव्हीला मनाई आहे. टीटन पासही टाळा, दहा टक्क्यांचा चढ-उतार आहे, गाडीने पहिल्यांदाच घाट शिकायची ती जागा नव्हे. सॉल्ट लेकहून लोगनवरून ८९ नंबरचा रस्ता धरा. बेअर लेकजवळ गार्डन सिटीला रास्पबेरी शेक मिळतो, तिथे थांबा, पोरं खूश होतील. पुढे अल्पाइनवरून स्नेक नदीच्या कडेने जॅक्सन. वाऱ्याच्या दिवशी वेग ताशी पंचावन्न मैलांच्या वर नेऊ नका, मागच्यांना चिडू दे. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की जनरेटर बंद पडतो, तेही लक्षात असू द्या.

पुढेमागे युटातल्या झायन उद्यानाचा विचार असेल तर तिथला १९३० सालचा बोगदा आता विसरा. पूर्वी मोठ्या गाड्यांना परवाना घेऊन सोडत. जून २०२६पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांना तो रस्ताच बंद. जवळजवळ सगळ्या क्लास सी त्यात आल्या. आणि आईवडील अमेरिकेचे रहिवासी नसल्यामुळे उद्यानांच्या प्रवेशाचे २०२६पासूनचे वेगळे दर निघण्याआधी पाहून ठेवा.

लांबीचं राहिलं. तीस फुटी नको, पंचविशीच्या आसपासची घ्या. आत थोडी दाटी होईल, पण यलोस्टोनच्या पार्किंगमध्ये आणि फांद्यांखालून मागे घेताना पाच फुटांनी फार फरक पडतो. मागे घेताना एकाने खाली उतरून एसटीच्या कंडक्टरसारखं ‘येऊ दे, येऊ दे’ करायचं, आणि त्याने जमिनीकडे नाही, वर बघायचं. तिथे फोनला रेंज नसते, साधे वॉकी-टॉकी घ्या.

करारातला ‘ओव्हरहेड’चा परिच्छेद, नाव-नंबर झाकून, इथे टाका. रात्री वाचून सांगते. सही त्यानंतर केलीत तर बरं.