मुलीला पक्ष्यांच्या पायात कड्या घालायच्या आहेत

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या शरदात ती पक्ष्यांच्या रिंगिंग शिबिरात, म्हणजे पक्षी जाळ्यात धरून, पायात क्रमांकाची कडी घालून पुन्हा सोडतात तिथे, मदतनीस म्हणून गेली आणि परत आल्यापासून ‘मला आयुष्यभर हेच करायचंय’ म्हणते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एवढ्याएवढ्या पाखरांना जाळ्यात धरणं क्रूर नाही का, यावर पोट भरतं का, आणि यंदाच्या शिबिरासाठी सत्र परीक्षा बुडवते म्हणते, त्याचं काय करायचं.

आधी क्रूरतेचं बोलू, कारण तुमच्या मनात खरा तोच प्रश्न आहे असं पत्रावरून वाटतं. स्थलांतर करणारा वटवट्या जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा असतो. तो अतिशय बारीक धाग्याच्या मिस्ट नेटमध्ये अडकतो, तेव्हा त्याला धोका असतोच. उत्तर अमेरिकेतल्या 22 संस्थांच्या सहा लाखांहून अधिक पकडींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 0.59 टक्के पकडींमध्ये पक्षी जखमी झाला आणि 0.23 टक्के पकडींमध्ये दगावला. हे प्रमाण शून्य नाही, म्हणूनच या कामाचे नियम कडक आहेत. जाळ्यांवर थोड्या थोड्या वेळाने फेरी मारायची, ऊन चढलं, वारा सुटला किंवा पाऊस आला की जाळी बंद करायची, आणि मलूल दिसणारा पक्षी कसलंही माप न घेता सोडून द्यायचा. दुर्मीळ पक्षी हातात आहे, नोंद अर्धवट राहिली आहे, तरी सोडायचा. हे ज्याला जमत नाही त्याने या कामात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिबिरात किती जातींचे पक्षी पाहिले हे तिला विचारूच नका. कोणता पक्षी माप न घेता सोडून दिला आणि का, हे विचारा. तिच्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

आता यातून मिळतं काय? 1899 मध्ये डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या घातल्या. आजच्या पद्धतीची सुरुवात तिथून धरतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे काम अनेक दशकं केलं आहे. तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमर हे त्यांचं नावाजलेलं ठिकाण. छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत घातलेल्या शंभर कड्यांपैकी एकसुद्धा दूरवर कुणाला सापडून परत कळेल याची खात्री नसते. पण शरदात हातात आलेला प्रत्येक पक्षी त्याच क्षणी बरंच सांगून जातो. गळ्याखालच्या खळग्यावरची पिसं फुंकरीने बाजूला केली की त्वचेखालची पिवळसर चरबी दिसते आणि पुढच्या उड्डाणाची शिदोरी किती साठली आहे ते कळतं. डोक्यावरची पिसं ओली करून विंचरली की पातळ त्वचेतून कवटी दिसते. तिची वाढ अपुरी असेल तर पक्षी याच वर्षीचा. एकाच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं अशा नोंदी झाल्या की विणीचा हंगाम कसा गेला आणि एखादी जात घटते आहे का, याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या मुलीला याची ओढ लागली असेल, तर ती ओढ खोटी नाही.

पोटाचा प्रश्न मात्र आहे. नुसत्या रिंगिंगसाठी पगारी जागा फारच थोड्या असतात. ब्रिटनमध्ये तर बहुतेक रिंगर स्वयंसेवक आहेत, आणि तेही जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकून परवाना मिळवतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय संशोधनासाठीही रानपक्षी पकडता येत नाही, आणि ती परवानगी मान्य प्रकल्पाला मिळते, हौसेला मिळत नाही. म्हणजे तिचा व्यवसाय असेल पक्षी-परिसंस्थेचं संशोधन, आणि रिंगिंग हे त्यातलं एक कसब.

त्यासाठी वन्यजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घ्यावी. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरुचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) ही दोन नावं आधी पाहा. प्रवेश अवघड आहे, तयारी आतापासूनच हवी. पुढे संशोधन प्रकल्पांमधली कामं मिळतात. ती बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराची असतात आणि सुरुवातीला फेलोशिपवर भागवावं लागतं. मग पीएच.डी., आणि त्यानंतर संशोधन संस्था, अध्यापन किंवा संवर्धन संस्था. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातात. तेवढा काळ घरून आधार देता येईल का, हे तुम्ही दोघींनी आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या.

आणखी एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. संख्याशास्त्र टाळू नकोस. पकड आणि पुन्हा पकड यांवरून पक्ष्यांचं जगण्याचं प्रमाण काढण्याची गणितं येणाऱ्याला या क्षेत्रात काम मिळतं. जाळ्यातून पक्षी अलगद सोडवणारे हात सरावाने तयार होतात, पण आकडेवारी वाचणारी माणसं प्रत्येक प्रकल्पाला कमी पडतात. ‘आर’ ही संगणकीय भाषा तिने याच वर्षी शिकायला घ्यावी.

राहिली परीक्षा. ती तिने द्यावी. शरदातलं स्थलांतर एका आठवड्यात उरकत नाही. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत पक्षी येत राहतात. शिबिराच्या प्रमुखांना तिनेच, तुम्ही नाही, पत्र लिहावं आणि परीक्षेनंतरच्या तारखा मागाव्यात. त्याच पत्रात नोंदवहीचं आणि आकडे संगणकात भरण्याचं काम करायची तयारीही कळवावी. हे काम अंगावर घेणारा मदतनीस शिबिराला हवाच असतो, आणि पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागेल तेव्हा ते प्रमुख तिला ओळखत असतील.